वाहत्या कानाची परीक्षा

मराठवाड्यांत कान फुटणें हा शब्दप्रयोग लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलाला पडसें होतें, दोन दिवस ताप येतो, रात्रीं कान ठणकतो, आणि सकाळीं उशीवर पुवाचा डाग दिसला म्हणजे ठणका थांबतो. ठणका थांबला म्हणजे रोग गेला, असा घरांतील माणसांचा समज होतो. कंधारसारख्या तालुक्याच्या गांवीं अशा कानांत कोमट तेल सोडण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु पडद्याला पडलेलें भोंक बुजलें नाहीं, तर तोच कान पुढें प्रत्येक पडशाबरोबर वाहूं लागतो. मुलाला वर्गांत मागच्या बांकावरून ऐकूं येईनासें होतें, आणि तें मंदबुद्धि ठरतें. क्वचित् प्रसंगीं पू कानामागील हाड पोखरून मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचतो, व गोष्ट प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालांत, जेथें लोकसंख्येच्या शेंकडा चारांहून अधिक लोकांस कान वाहण्याचा जुनाट विकार आहे, अशा देशांत भारताची गणना केली होती. तेव्हां हा विकार क्षुल्लक मानून चालण्याजोगा नाहीं.

अशा कानाकडे पाहणाऱ्या वैद्यापुढें एकच मोठा प्रश्न असतो: हा पू कोणत्या जंतूमुळें झाला? प्रश्न लहान आहे. परंतु त्याचें उत्तर मिळविण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला, आणि तें उत्तर वेळेवर मिळविण्याची खटपट अद्यापहि चालूं आहे. या खटपटीचा इतिहास सरळ रेषेंत पुढें गेलेला नाहीं. मध्यंतरीं एक काळ असा येऊन गेला कीं, त्या काळीं जंतूला नांव विचारण्याचीच वैद्यांना गरज वाटेनाशी झाली होती.

प्राचीनांचें निरीक्षण कमी प्रतीचें होतें असें मुळींच नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले असून कर्णशूल, कर्णस्राव व पूतिकर्ण यांचीं लक्षणें निरनिराळीं दिलीं आहेत. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या परंपरेंतील ग्रंथांतहि, तीव्र ज्वरासह कान ठणकूं लागल्यास रोगी भ्रमिष्ट होऊन दगावण्याचें भय असतें, असा इशारा आहे. पुवाचा रंग, त्याचा वास, त्याचा दाटपणा हीं सारीं चिन्हें या वैद्यांनीं बारकाईनें पाहिलीं. तथापि एकाच प्रकारचा दिसणारा पू निरनिराळ्या जंतूंमुळें होऊं शकतो, ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसणारी नव्हती.

ती दिसूं लागली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. फ्रान्समध्यें पाश्चर व अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांना १८८१ च्या सुमारास, एकमेकांच्या नकळत, लाळेंत जोडीजोडीनें राहणारा एक गोल जंतु आढळला. न्यूमोकोकस म्हणून आज ओळखला जाणारा व मुलांच्या कानदुखीचें एक मुख्य कारण असलेला जंतु तो हाच. १८९२ सालीं जर्मनींत फायफर यानें एक अगदीं बारीक दांडीसारखा जंतु वर्णन केला. इन्फ्लुएंझाचें कारण तोच, असें त्याला वाटलें. तें अनुमान पुढें चुकीचें ठरलें, कारण इन्फ्लुएंझा हा विषाणूचा रोग आहे. परंतु हिमोफिलस इन्फ्लुएंझी हें नांव त्या जंतूला कायमचें चिकटलें. कानाच्या व नाकाभोवतालच्या पोकळ्यांच्या दुखण्यांत या जंतूचा हात मोठा आहे. नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक अरुंद नळी जाते, व लहान मुलांत ती आंखूड आणि आडवी असते. त्यामुळें नाकांतील जंतूला कानांत शिरण्यास वाट सोपी पडते.

याच काळांत जंतु ओळखण्याच्या दोन वाटा तयार झाल्या, व पुढचा सारा इतिहास या दोन वाटांचा आहे. पहिली वाट डेन्मार्कचा डॉक्टर ग्राम यानें १८८४ सालीं बर्लिनमध्यें काम करीत असतां दाखविली. काचेवर पुवाचा पातळ थर पसरून सुकवावयाचा, त्यावर जांभळा रंग व मग आयोडीन घालावयाचें, नंतर मद्यार्कानें धुवावयाचें, आणि शेवटीं तांबडा रंग द्यावयाचा. कांहीं जंतु जांभळा रंग धरून ठेवतात, कांहीं तो सोडून तांबडे होतात. पाव तासांत जंतु गोल कीं लांबट, जांभळा कीं तांबडा, हें कळतें. म्हणजे घराणें कळतें, नांव कळत नाहीं. दुसरी वाट रॉबर्ट कॉख याच्या प्रयोगशाळेंतून निघाली. हेसे नांवाच्या त्याच्या सहकाऱ्याच्या पत्नीनें, स्वयंपाकांत मुरंबे घट्ट करण्यासाठीं वापरलें जाणारें अगार सुचविलें. पेट्री यानें १८८७ सालीं झांकणाची उथळ तबकडी पुढें आणली. या तबकडींत जंतूंचें पीक घेतां येऊं लागलें. यांत नांवहि कळतें, आणि कोणत्या औषधानें तो जंतु मरतो हेंहि पाहतां येतें. परंतु पीक उगवण्यास एक रात्र, व औषधाची परीक्षा होण्यास आणखी एक दिवस लागतो. एक वाट जलद परंतु अपुरी, दुसरी पुरी परंतु मंद.

महाराष्ट्राला या विद्येची ओळख झाली ती मोठ्या संकटाच्या वेळीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंतील मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं रोग्यांच्या लक्षणांवरून ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. त्या जंतूचा शोध दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें लागला होता. रंग दिल्यावर दोन्ही टोंकांस गडद दिसणारी ती दांडी गांठींतील द्रवांत दिसली म्हणजे निदानाची खात्री होत असे. ऑक्टोबरमध्यें हाफकिन मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच वर्षीं खुद्द कॉख हेहि जर्मन मंडळासह मुंबईस येऊन गेले. १८९९ सालीं हाफकिन यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली, व १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. जंतूचें निदान हा ग्रंथांतील विषय नसून शहर वांचविण्याचें साधन आहे, हें या प्रांताला त्या वेळीं कळून चुकलें.

यानंतर कांहीं दशकें जंतूला नांव विचारण्याची कला भराला आली. आणि तिच्या मागें निकड होती. न्यूमोकोकसच्या दुखण्यावर तेव्हां घोड्याच्या रक्तापासून तयार केलेलें सीरम हाच काय तो विशिष्ट उपाय होता. परंतु या जंतूचे पोटप्रकार पुष्कळ. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभींच तीसांहून अधिक ठाऊक झाले होते. एका प्रकारचें सीरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. रोग्याची थुंकी उंदराच्या पोटांत टोंचून प्रकार ठरविण्यांत मोलाचे तास निघून जात. नॉयफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाला १९०२ सालीं असें आढळलें होतें कीं, जुळणारें सीरम जंतूला मिळालें म्हणजे त्याच्या भोंवतींचें कवच फुगल्यासारखें स्पष्ट दिसतें. तीस वर्षांनीं या निरीक्षणाचा उपयोग करून, थुंकीच्या थेंबांत निरनिराळीं सीरमें मिसळून थोड्याच मिनिटांत प्रकार सांगण्याची रीति रुग्णालयांतून सुरू झाली. आज ज्यास जलद परीक्षा म्हणतात, तिची ही खरी पूर्वज होय.

आणि मग ती रीति मागें पडली. १९३५ सालीं डोमाक यानें सल्फा वर्गांतील पहिलें औषध प्रसिद्ध केलें. पाठोपाठ पेनिसिलिन आलें. या औषधांना जंतूचा पोटप्रकार विचारण्याचें कारण नव्हतें. भारतांत १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि पेनिसिलिन देशांतच तयार होऊं लागलें. या औषधांनीं केलेलें कल्याण अपार आहे. कानामागील हाड फोडून पू काढण्याची शस्त्रक्रिया, जी पूर्वीं नित्याची असे, ती विरळ झाली. परंतु या यशाच्या पोटांतच एक आळस जन्मला. औषध सर्वांवर चालतें, तर परीक्षा कशाला, असें होऊन बसलें. कानाच्या पुवाची काच रंगविण्याचे श्रम घेण्यापेक्षां इंजेक्शन देणें सोपें व स्वस्त वाटूं लागलें.

फ्लेमिंग यांनीं १९४५ सालींच, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत, अपुऱ्या मात्रेनें जंतु औषधाला सरावतील असा इशारा दिला होता. तो खरा होण्यास फार काळ लागला नाहीं. पेनिसिलिनला दाद न देणारा न्यूमोकोकस १९६० नंतरच्या दशकांत आढळला. १९७४ च्या सुमारास अँपिसिलिनचा नाश करणारा हिमोफिलस आढळला. जुनाट वाहणाऱ्या कानांत तर बहुधा तिसराच वर्ग असतो: हिरवट पू आणणारा स्यूडोमोनस, किंवा स्टॅफिलोकोकस. यांपैकीं स्यूडोमोनसवर पडशाखोकल्याला दिल्या जाणाऱ्या नेहमींच्या गोळ्यांचा कांहींच परिणाम होत नाहीं. कांहीं कानांत जंतु नसून बुरशीच असते, व तेथें जंतुनाशक थेंब घातल्यानें ती उलट माजते. पुवाची परीक्षा न करतां औषध देणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, अशी स्थिति झाली. ज्या प्रश्नाला औषधांनीं निवृत्त केलें होतें, तो प्रश्न औषधांच्या पराभवामुळें पुन्हा कामावर रुजू झाला.

परीक्षेला उशीर झाल्यानें काय होतें, याचा दाखला कंधारच्या शेजारींच आहे, जरी तो कानाचा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं लातूर-उस्मानाबाद भागांत भूकंप झाला. पुढील वर्षीं ऑगस्ट महिन्यांत बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं ग्रंथिक सन्निपाताची सांथ उठली, आणि सप्टेंबरांत सुरत येथें फुप्फुसांचा प्लेग झाल्याची बातमी पसरली. रोग प्लेगच आहे किंवा नाहीं, याची निर्विवाद खात्री होण्यापूर्वींच लाखो लोकांनीं सुरत सोडलें. परदेशांनीं विमानें थांबविलीं. मालाची निर्यात अडली. देशभरांत ८७६ संभाव्य रोगी व ५४ मृत्यु अशी नोंद झाली, आणि निदानाविषयींचा वाद त्यानंतरहि वर्षानुवर्षें चालला. ज्या प्रांतानें शंभर वर्षांपूर्वीं जंतूचें निदान शिकून घेतलें, त्याच प्रांताच्या एका खेड्यांत तें वेळेवर व निःसंशय झालें नाहीं. २००३ सालीं मादागास्कर बेटावर, पाव तासांत प्लेग ओळखणारी कागदी पट्टी वापरून दाखविली गेली. ती जवळ असती तर पुष्कळ भीति वांचली असती.

अशा पट्ट्यांचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. जंतूच्या अंगावरील विशिष्ट द्रव्याला चिकटणारे प्रतिपिंड पट्टीवर आडव्या रेषेंत लाविलेले असतात. नमुन्यांत तें द्रव्य असलें कीं रंगीत रेघ उमटते. घशांतील स्ट्रेप्टोकोकस ओळखण्याच्या जलद परीक्षा १९८० नंतरच्या दशकांत पाश्चात्य देशांत रूढ झाल्या. १९८३ सालीं मलिस या अमेरिकन रसायनज्ञाला, जंतूच्या आनुवंशिक द्रव्याचा एखादा तुकडा थोड्या तासांत लक्षावधि पटींनीं वाढविण्याची युक्ति सुचली, तीच पी. सी. आर. पद्धति. १९९५ सालीं पिट्सबर्ग येथील संशोधकांनीं मुलांच्या मधल्या कानांत साचलेला द्रव या पद्धतीनें तपासला, तेव्हां तबकडींत कांहींहि न उगवलेल्या पुष्कळ नमुन्यांत जंतूंचें द्रव्य सांपडलें. पुढें असें दिसून आलें कीं, जुनाट विकारांत जंतु बुळबुळीत थर करून चिकटून राहतात. तेथें ते तबकडींत उगवतहि नाहींत व औषधाला सहज बळीहि पडत नाहींत.

मग जलद परीक्षेनें सारें काम झालें काय? येथेंच या विषयाचें खरें मर्म आहे. न्यूमोकोकस, हिमोफिलस व मोराक्सेला हे कानाचे तिन्ही मुख्य शत्रु निरोगी मुलांच्या नाकांतहि बिऱ्हाड करून असतात. नाकांतील शेंबूड तपासून जंतु सांपडला, एवढ्यावरून कानाचा अपराधी तोच, असें म्हणतां येत नाहीं. न्यूमोकोकससाठीं लघवीची एक जलद परीक्षा निघाली. मोठ्या माणसांत ती उपयोगी पडली, परंतु लहान मुलांत नुसत्या नाकांतील जंतूमुळेंहि ती होकारार्थी येऊं लागली. सायनसच्या दुखण्यांत तर ही अडचण दुप्पट आहे. बहुतेक वेळां तें दुखणें विषाणूंमुळें येतें व आपोआप बरें होतें. थोड्यांतच जंतूंची भर पडते. निश्चित उत्तरासाठीं गालाच्या हाडांतील पोकळींत सुई घालून, किंवा दुर्बिणीनें पोकळीच्या तोंडाशीं पाहून नमुना घ्यावा लागतो. आणि मधल्या कानासाठीं, पडदा फुटलेला नसेल तर, तो टोंचावा लागतो. शिवाय पी. सी. आर. मेलेल्या जंतूचेंहि द्रव्य दाखवितें. १८९६ सालीं विदाल यानें विषमज्वरासाठीं रक्ताची सोपी परीक्षा काढली. ती भारतांत घरोघर माहीत झाली, आणि केवळ तिच्यावर विसंबल्यानें विषमज्वर नसलेल्यांनाहि त्याचीं औषधें मिळालीं. तात्पर्य, जलद परीक्षा नांव सांगते. तें नांव कोठून घेतलेल्या नमुन्याचें, याचा विवेक वैद्यालाच करावा लागतो.

हा विवेक व वेग एकत्र आले म्हणजे काय साधतें, हें २०२१ सालीं महाराष्ट्रानें पाहिलें. कोविडच्या दुसऱ्या लाटेंत, विशेषतः मधुमेही रोग्यांच्या सायनसमध्यें म्युकर नांवाची बुरशी शिरली व डोळ्यांकडे आणि मेंदूकडे पसरूं लागली. येथें दोन दिवस थांबणें म्हणजे डोळा गमावणें होतें. त्या वेळीं कामास आली ती जुनीच रीति: दुर्बिणीनें नेमक्या जागेचा तुकडा घ्यावयाचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकावयाचा, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं बुरशीचे रुंद धागे शोधावयाचे. त्या एका काचेवर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असे. यंत्र जुनें होतें. प्रश्न मात्र वेळेवर विचारला गेला होता.

आतां पुन्हा कंधारकडे वळावें. हें गांव राष्ट्रकूटांच्या काळापासूनचें. भुईकोट किल्ला व जगत्तुंग सागर त्याची साक्ष देतात. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निझामाच्या राज्यांत होता. अंबाजोगाई येथें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ सालीं निघालें, व नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालीं. म्हणजे जंतूंचें पीक घेणारी महाविद्यालयाची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणीं येण्यास ग्रामच्या शोधानंतर शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. कंधारपासून नांदेड सुमारे ५० किलोमीटर आहे. अंतर फार नाहीं. परंतु कापसाच्या बोळ्यावर घेतलेला न्यूमोकोकस सुकला कीं मरतो, हिमोफिलस त्याहून नाजूक, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत एस. टी. च्या प्रवासांत नमुना टिकावा कसा? त्यांतून तो घेण्यापूर्वींच मुलाला गोळ्या दिलेल्या असल्या तर तबकडी कोरी राहते, व ‘कांहीं निघालें नाहीं’ असा निरोप घरीं जातो.

आशेची जागा नाहीं असें नव्हे. क्षयाच्या निदानासाठीं गोव्यांतील एका कंपनीनें तयार केलेलें ट्रूनॅट नांवाचें लहान यंत्र बॅटरीवर चालतें व सुमारें तासाभरांत क्षयाचा जंतु ओळखतें. पुढील परीक्षेंत तो रिफाम्पिसिनला दाद देईल कीं नाहीं, हेंहि कळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं त्यास मान्यता दिली. वेदना न होतां महिनोन्‌महिने वाहणारा व कोणत्याच थेंबांना न जुमानणारा कान कधीं कधीं क्षयाचा असतो. अशा वेळीं स्रावाची अशी परीक्षा वर्षांचें भटकणें वांचवूं शकते. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें सरकारी लसीकरणांत आली आहे, व तिच्यामुळें मुलांच्या नाकांतील जंतूंचे प्रकारच बदलत जातात. म्हणून उद्यांच्या कानांत कालचाच जंतु असेल, असें गृहीत धरतां यावयाचें नाहीं.

या सर्व इतिहासाचा बोध एवढाच कीं, परीक्षेचा वेग यंत्रापाशीं सुरू होत नाहीं. पू तेलानें झांकून टाकण्यापूर्वीं, आणि पहिली गोळी देण्यापूर्वीं, कान स्वच्छ करून, खोल जागेचा नमुना घेऊन त्याची एक काच रंगविली, तर १८८४ सालचें ज्ञानहि पाव तासांत पुष्कळ सांगून जातें. ती काच रंगविणारा मनुष्य व एक सूक्ष्मदर्शक यंत्र तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयांत रोज कामावर असेल, तर नवीं यंत्रें येतील तेव्हां त्यांचा उपयोग करणारे हात तयार असतील. नाहींतर तीं यंत्रेंहि कपाटांत राहतील, आणि मागच्या बांकावरील मुलाला गुरुजींचे शब्द ऐकूं येणार नाहींत.